वरचा तुकडा झिल्दाचा

झिल्दा मशीनवर बसायची ती अनवाणी. उन्हाळा असो की आमच्या हिवाळ्यातला, जुलैचा बोचरा वारा, चपला दाराशीच. "पायाला लोखंड लागलं नाही तर कापड कुठं चाललंय ते मला कळत नाही, सेउ अमारो," असं ती मला म्हणायची. अमारो म्हणजे मी; 'सेउ' आमच्याकडं वडीलधाऱ्याला मानानं लावतात. तिच्या घराला लागून कोपऱ्यावर माझं दुकान. दोरे, इलॅस्टिक, हूक, अस्तर, लायक्राचे तागे, आणि कार्निव्हलच्या दिवसांत चमकी, मणी, पिसं. रिओपासून काही तासांवरच्या काबो फ्रियूत, कालव्याच्या आमच्या काठावर, घराघरातून बायका बिकिन्या शिवतात आणि खिडकीत टांगतात. त्यातल्या निम्म्या बायका माझ्याकडचाच दोरा वापरतात. पण झिल्दा वेगळी. ती शाळेत जायची तेव्हापासून मी तिला ओळखत होतो.

तिचे वडील बेलार्मीनू मिठागरात होते. आई गेली तेव्हा धाकटी नेरेइदा, आमची नेरी, नुकती चालायला लागली होती आणि झिल्दाच्या वेण्या अजून आईच घालत होती. आईमागे घरात उरलं ते एक पायमशीन. झिल्दा त्यावर मिठाच्या पिशव्या शिवायला लागली, मग शेजारणींचे झगे, मग शाळेचे गणवेश. नेरीला मशीनखाली बसवून ठेवायची, म्हणजे नजरेसमोर राहील. नेरी चिंध्यांशी खेळत वाढली.

बिकिनीचं सुरू झालं ते एका तुटलेल्या बंदामुळं. रिओहून सुट्टीला आलेली एक बाई ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल धरून आमच्या गल्लीत शिवणारी शोधत फिरत होती. झिल्दानं बंद शिवून दिला. बाई म्हणाली, "अशीच एक नवी शिवशील?" झिल्दानं रात्रीतून शिवली. बेलार्मीनूनं सकाळी ती दोरीवर वाळत घातलेली पाहिली आणि विचारलं, "काय गं, कापड संपलं का?"

"नाही बाबा, एवढीच असते."

"आणि उरलेली कुठं असते?"

म्हातारा थट्टेखोर होता. पण त्या उन्हाळ्यात तशा किती गेल्या कोण जाणे, आणि पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या आणखी खिडक्यांत त्या लोंबायला लागल्या.

नेरी मोठी झाली तशी कामाची वाटणी आपोआप पडली. वरचा तुकडा झिल्दाचा, खालचा नेरीचा. झिल्दाला साधायचं ते बारीक काम. चुणी घालायची, दोरी ओवायची, दोन्ही बाजू एकसारख्या बसतात का ते दहादा पाहायचं. नेरीचा हात कात्रीवर. ती म्हणायची, "वरच्याला धीर लागतो, खालच्याला हिंमत." आणि हिंमत तिच्याकडं भरपूर होती. आधी खालचा तुकडा बेंबीपर्यंत यायचा, रुंद पट्ट्याचा. मग तो उतरला, कमरेवर दोन्ही बाजूंना गाठी आल्या. मग बाजू चढत चढत कमरेच्या हाडाच्याही वर गेल्या, पंख पसरल्यासारख्या. शेवटी मागचं कापड इतकं आटलं की रिओच्या बायका त्याला दात कोरायचा दोराच म्हणायला लागल्या.

"नेरी, हे मागचं विसरलीस," झिल्दा म्हणायची.

"विसरले नाही. तेवढंच आहे."

"देवमाते! याला अस्तर कुठं लावू? अस्तरच मोठं होईल."

वरच्यातही तऱ्हा होत्या. दोरीवर पडद्यासारखा सरकणारा त्रिकोण झिल्दाचा हातखंडा. बंद नसलेला, नुसता छातीवर बसवलेला प्रकार आला तेव्हा आमच्याकडं त्याला 'पडो एकदाचा' असं चावट नाव पडलं. तो झिल्दानं असा शिवला की लाटेतसुद्धा पडायचा नाही. गिऱ्हाइकं ते नाव घेऊन हसायची आणि झिल्दा गंभीरपणे सांगायची, "माझ्याकडचा नाही पडत." दोघी बहिणींचा माल रिओपर्यंत जायला लागला.

मग ते कार्निव्हल आलं.

कार्निव्हलच्या आधी नेरी रिओत असायची. कोपाकबानाच्या एका दुकानात माल पोचवायचा, तिथंच मागच्या खोलीत बसून चमकी लावून द्यायची, असा तिचा दरवर्षीचा क्रम. त्या वर्षी ती गेली आणि इकडं बेलार्मीनूला छातीत कफ झाला. आधी साधा वाटला. मग ताप. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले औषध लागू पडतंय. आमच्या टोकाला फोन फक्त माझ्या दुकानात. मी झिल्दाला म्हटलं, "नेरीला कळव." ती म्हणाली, "उद्या. आज जरा बरे दिसतायत." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. आणि त्यानंतरच्या पहाटे म्हातारा गेला.

नेरी बसनं आली ती शवपेटी बंद करायची वेळ झाल्यावर. दंडाला चमकी चिकटलेली होती, पुसायचं भान तरी कुठं असणार. पेटीजवळ उभी राहिली. अख्खी गल्ली तिथं होती. झिल्दा तिच्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "चमकी लावायला वेळ होता तुला. बाबांना बघायला नव्हता."

कुणीतरी झिल्दाचा हात धरला. नेरीनं हळू आवाजात एवढंच विचारलं, "फोन का नाही केलास?" झिल्दानं तोंड फिरवलं.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि नेरीनं एक हातगाडी आणली. कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन, खालच्या तुकड्यांचे सगळे कागदी नमुने आणि आपले कपडे तिच्यावर घालून ती रस्त्यापलीकडं, बरोब्बर समोरच्या खोलीत राहायला गेली. गल्लीला वाटलं, महिनाभराचं आहे. गेली ती वर्षानुवर्षं.

समोरासमोर दोन दुकानं. इकडं फक्त वरचे तुकडे, तिकडं फक्त खालचे. दोघींनी सुरुवातीला दुसरा तुकडा स्वतः शिवून पाहिला. झिल्दाचा खालचा पाहून एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा आजीबाईंसाठी आहे का. नेरीचा वरचा तर पहिल्याच लाटेत गळ्यात आला म्हणे. तेव्हा दोघींनी तो नाद सोडला. बाया इकडं वरचा घ्यायच्या, रस्ता ओलांडून तिकडं खालचा. कुणी कारण विचारलं तर दोघींचं उत्तर एकच: "तिकडं मिळेल."

आता गंमत अशी, की वरचा आणि खालचा एका कापडाचे नसतील तर घेणार कोण? झिल्दा माझ्या दुकानात यायची, कापड बोटांत चुरून बघायची, आणि भिंतीकडं पाहत विचारायची, "समोरच्या बाईनं काय नेलं?"

"निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं."

"वाईट आवड आहे." मग जरा थांबून, "मलाही दे. तेवढंच."

दुपारी नेरी. "ती काय म्हणाली ठिपक्यांना?"

"वाईट आवड म्हणाली."

"पण नेलं?"

"नेलं."

नेरी हसू दाबत जायची. मी तागा मधोमध कापायचो आणि दोन्ही दुकानांत पाठवायचो. फॅशन बदलत गेली, कारखान्यांचा स्वस्त माल आला, गल्लीतली कितीतरी घरं शिवण सोडून दुसऱ्या धंद्याला लागली. या दोघी टिकल्या. बोलत नव्हत्या, पण एकीनं ठरवलेलं कापड दुसरीनं नाकारलं असं मी एकदाही पाहिलं नाही.

नेरीला पोहण्याचं वेड होतं. आमचं पाणी बारा महिने गार. बाहेरचे लोक पाय घालून किंचाळतात. नेरी रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, खांद्यावर टॉवेल टाकून किनाऱ्याकडं निघायची आणि ओठ निळे करून परत यायची. झिल्दाचं मशीन खिडकीशी. नेरी गेली की आली याची ती दखल घेत नसे, निदान तसं दाखवत असे.

एका मार्चमध्ये झिल्दा माझ्या दुकानात आली, काहीच न घेता उभी राहिली, इलॅस्टिकची गुंडाळी उलगडून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "समोरची हल्ली सकाळी जात नाही."

मला ठाऊक होतं. नेरीनं कुणाला सांगू नको असं बजावलं नव्हतं, आणि मला वाटतं, मुद्दामच बजावलं नव्हतं. मी सांगितलं. गाठ निघाली होती. रिओला जाऊन ऑपरेशन झालं. मैत्रिणीकडं गेले होते असं ती गल्लीत सांगायची, ते हेच. एक स्तन काढला.

झिल्दा माझ्या स्टुलावर बसली. ओठांत धरायची सवय असलेली टाचणी तिनं झग्यातून काढली, बोटांत फिरवली, परत लावली.

"कुठली बाजू?"

"डावी."

मान हलवली आणि उठून गेली. त्या दिवशी तिचं मशीन वाजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडं चमत्कारिक वस्तू मागायला लागली. जाड स्पंज. कापूस. मऊ जाळी. मी विचारलं नाही. एकदा तिच्या मागच्या अंगणात गेलो तर पाण्याच्या पिंपात तिनं हात कोपरापर्यंत बुडवलेला, आणि तिथं हातानं दाबलेली स्पंजची एक गोल उशी सुटून सुटून वर येत होती.

"तरंगते हलकट," झिल्दा म्हणाली. "पोहताना हनुवटीला लागेल तिच्या."

मग तिनं पाखरांना घालतात ते राळे भरले. वजन नेमकं, हाताला मऊ, आकार अगदी खराखुरा. खूश झाली. पिंपात भिजवून बघितली आणि ओलीच खिडकीत ठेवून विसरली. आठवड्यानं मला हाक मारली. उशीच्या जाळीतून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते.

"आता काय करू?" ती म्हणाली, आणि मी हसलो तर रागावली. "हसतोस काय! मेल्या, तुझं काय जातं."

कार्निव्हलचे मणी मीच सुचवले. बारीक काचेचे. भिजत नाहीत, फुगत नाहीत, तळाशी बसतात. तिनं ते मऊ कापडाच्या दोन पदरांत भरले, आत थोडा स्पंज, कडेला हातटाक्यांची शिवण. महिनाभर तिनं दुसरं काही शिवलं नसेल. मग एका सोमवारी, गल्ली रिकामी असताना, ती माझ्या दाराशी आली. पायांत चपला, केस विंचरलेले, हातात पुठ्ठ्याची पेटी.

"तू चल."

"मी कशाला?"

"मी एकटी गेले तर ती दार लावेल. तू असलास तर लाजेकाजेनं उघडं ठेवेल."

आम्ही रस्ता ओलांडला. नेरी मशीनवर होती, अंगात पुरुषाचा ढगळ सदरा. तिनं टीप पुरी केली, दोरा तोडला, आणि मग वर पाहिलं.

"काय हवंय?" गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"माप."

"कसलं?"

"तुझं. वरचं."

नेरीनं माझ्याकडं पाहिलं. "या म्हाताऱ्याच्या पोटात काही राहत नाही."

"त्यानं नंतर सांगितलं. आधी मला दिसलं. सकाळी जात नाहीस तू."

"मी जाते की नाही हे बघतेस होय?"

"खिडकी आहे मला," झिल्दा म्हणाली. पेटी उघडून तिनं ती उशी टेबलावर ठेवली. "मणी आहेत आत. तरंगत नाही, फुगत नाही. उगवत पण नाही."

"उगवत नाही म्हणजे?"

"आधी राळे भरले होते. कोंब आले."

नेरी तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू फुटलं, आणि हसताना ओढ बसली म्हणून डावी बाजू हातानं दाबून धरत ती म्हणाली, "अगं झिल्दा! माझ्या छातीवर शेत पिकवणार होतीस तू!"

झिल्दाही हसली.

नेरीनं उशी उचलली, तळहातावर तोलली, हलकेच दाबली. कौतुकानंच बघत होती. मग परत पेटीत ठेवली. "छान झालीय. पण मला नको."

"का?"

"जे नाही ते नाही. रोज सकाळी ते लावायचं, रोज काढायचं, आणि काढताना रोज नव्यानं बघायचं. नको मला. एक बाजू सपाट शिव."

"सपाट?" झिल्दातली शिवणारी जागी झाली. "एक भरलेली आणि एक सपाट? सगळं एकीकडं ओढलं जाईल. मानेची दोरी काचेल. पहिल्या दहा हातांत फिरून पाठीवर येईल ते."

"मग काय करायचं ते तू बघ. वरचा तुकडा तुझा."

झिल्दानं गळ्यातली टेप काढली. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर नेरीचे खालचे तुकडे ओळीनं टांगलेले होते. मी पिवळा, लाल, पट्ट्यांचा असे एकेक बघत उभा राहिलो. मागं सदऱ्याची बटणं निघाल्याचा आवाज आला. मग झिल्दा म्हणाली, "दुखतं?"

"हात वर नेताना."

"इथं?"

"तिथं काही कळतच नाही."

टेप सरकली. पुन्हा थांबली.

"फोन मी केला नव्हता," झिल्दा म्हणाली.

"माहीत आहे."

"अमारो म्हणाला होता कर. मी उद्या म्हटलं. मला वाटलं उठतील. आणि..." टेप परत सरकली. "बाबा आजारातून उठले की दर वेळी आधी विचारायचे, नेरी कुठाय. मी रात्र रात्र बसायची, आणि विचारायचे तुला. मला वाटलं, एकदा तरी माझ्या एकटीच्या हातून बरे होऊ देत. मग सांगू तुला, बघ, झाले बरे."

बाहेरून एक सायकल गेली.

"मला वाटायचं," नेरी म्हणाली, "बाबाच म्हणाले असतील. तिला कशाला बोलावतेस, तिला तिचा धंदा आहे. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं."

"बाबा? अगं, ते शेवटपर्यंत दाराकडं बघत होते. म्हणूनच तर मी तुझ्यावर ओरडले. ते दार बघणं मला सोसेना."

मी पिवळ्या तुकड्याकडं बघत होतो आणि तो मला धड दिसत नव्हता. मागं कोण रडत होतं, एक की दोघी, ते मी वळून पाहिलं नाही. जरा वेळानं नेरीचा आवाज आला, नाक ओढत: "तुझे हात बर्फासारखे आहेत. माप घे लवकर, मला थंडी वाजतेय."

तो टॉप शिवायला झिल्दाला उशीपेक्षा जास्त त्रास पडला. एकीकडं पडद्यासारखी चुण्यांची बाजू, दुसरीकडं सपाट, दुहेरी कापडाची, काखेपर्यंत चढवलेली, म्हणजे खूण झाकली जाईल आणि हात मोकळा राहील. मानेची दोरी तिनं टाकूनच दिली. भरलेल्या बाजूला रुंद खांदापट्टा दिला, आणि सपाट बाजूचा बंद तिरका पाठीवरून नेऊन पलीकडच्या बरगडीशी बांधला. शिवायची आणि रस्ता ओलांडून घालून बघायची, उसवायची आणि परत ओलांडायची. गल्ली बघत होती. कुणी चकार शब्द काढला नाही, पण दुपारी सगळ्यांच्या खुर्च्या दारात आल्या होत्या.

कापड दोघींनी एकत्र येऊन निवडलं. मोठ्ठ्या हिरव्या पानांचं. मी सवयीनं तागा मधोमध कापायला कात्री घेतली तर दोघी एकदम ओरडल्या, "अरे, कापू नको!"

खालचा तुकडा नेरीनं स्वतः बेतला. बाजूला गाठी, मागं नावापुरतं कापड.

"या वयात?" झिल्दा म्हणाली.

"छातीचा अर्धा हिशेब चुकला. कंबर तर शाबूत आहे ना."

पहिल्या सकाळी आम्ही तिघं गेलो. झिल्दा झगा घालूनच, घोट्यापर्यंत पाण्यात, हातात टॉवेल. नेरी आत शिरली, दहा-बारा हात मारले आणि डावीकडं कलून परत आली. बंद सरकला होता. झिल्दानं तिथंच, गुडघाभर पाण्यात, झगा भिजवत गाठ सोडली, बोटभर खाली घेतली, परत बांधली. "जा." नेरी परत गेली. हात एकसारखा पडत नव्हता, डावा अजून पुरता वर जात नव्हता, पण ती जात राहिली, आणि आम्हाला फक्त तिचं डोकं दिसेपर्यंत लांब गेली. झिल्दा पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय. जवळ जाऊन ऐकलं तर म्हणत होती, "सरकू नको मेल्या, सरकू नको."

नेरी आली, ओठ निळे. झिल्दानं टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला आणि लहान पोराला पुसावं तसे तिचे केस खसाखसा पुसले. नेरी "अगं लागतंय" म्हणत होती आणि हलत नव्हती.

पुढचं वेगानं घडलं. किनाऱ्यावर एका बाईनं नेरीला पाहिलं. पाहिलं म्हणजे आधी नजर चुकवली आणि मग मागं मागं आली. हे कुठं मिळालं, असं विचारलं, आणि विचारताना आपल्या शर्टाची कॉलर मुठीत धरून होती. मग तिची मैत्रीण आली. मग मकाए गावाहून एकजण, मग रिओच्या इस्पितळातल्या एका नर्सनं पाठवलेल्या दोघी-तिघी. कुणी नवऱ्याला दाराबाहेर उभं करायची, कुणी त्याचा हात धरून आत आणायची. कुणाला सपाट हवं असायचं, कुणाला भरलेलं. मण्यांच्या उशा वाया गेल्या नाहीत. झिल्दा कुणाला अमुकच घे म्हणाली नाही. माप घेताना हात आधी चोळून गरम करायची आणि विचारायची, "तुला काय आवडायचं? आधी काय घालायचीस?" बायका सांगायला लागायच्या. पहिला समुद्र, पहिली बिकिनी, कुठल्या रंगाची होती, कुणी पाहिलं होतं. ऐकता ऐकता झिल्दाचं माप घेऊन व्हायचं आणि ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

एकदा एक अगदी तरुण मुलगी आली. आईबरोबर. आई बोलत होती, मुलगी जमिनीकडं बघत होती. "तिला झाकलेलं काहीतरी द्या, पूर्ण झाकलेलं," आई म्हणाली. झिल्दानं मुलीला विचारलं, "तुला गं?" मुलीनं मान वर केली नाही. तेव्हा पलीकडून नेरी आली, मधलं दार नव्हतंच, रस्ताच ओलांडून आली, आणि सदरा वर करून आपला टॉप दाखवला. "हे बघ. माझी बहीण वेडी आहे, पण शिवते बरं." मुलीनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मला लाल हवा. आणि खालचा गाठीचा." आई रडायला लागली. झिल्दानं तिला कॉफी दिली आणि लाल ताग्यासाठी मला हाक मारली.

दुकानं मात्र दोघींनी एक केली नाहीत. मी एकदा सुचवलं तर नेरी म्हणाली, "हिच्याबरोबर एका खोलीत? पहाटे उठून गाते ही. सुरात असती तर एक वेळ..."

"आणि ही कात्री कुठंही टाकते," झिल्दा म्हणाली.

भांडायच्या रोज. इलॅस्टिकवरून, कॉफीतल्या साखरेवरून, खिडकीत काय टांगायचं त्यावरून. रस्त्याच्या दोन्ही काठांवर उभं राहून, मधून मोटारी जात असताना. आणि रोज सकाळी दोघी टॉवेल घेऊन निघायच्या. झिल्दा कधीच पाण्यात गुडघ्यापुढं गेली नाही. तिला पोहता येत नव्हतं. तिच्यासाठी नेरीनं एक खालचा तुकडा बेतला होता, बेंबीच्याही वर येणारा, जुन्या तऱ्हेचा, आणि झिल्दानं त्यावर चुण्यांचा वरचा शिवला. त्यात ती उथळ पाण्यात बसून राहायची, पाय पसरून, लाटेनं ढकललं की खो खो हसायची.

झिल्दा गेली ती मेमध्ये. दुपारी खुर्चीत डोळा लागला, तो लागलाच. सगळ्यांना वाटत होतं आधी नेरी जाईल. डॉक्टरांनाही. झिल्दाचं हृदय थकलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चर्चमध्ये मागच्या बाकांवर कितीतरी अनोळखी बायका होत्या. दूरदूरच्या गावांहून बसनं आलेल्या. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण एकमेकींकडं बघून हळूच मान हलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी नेरीनं दुकान उघडलं नाही. मी मक्याच्या पिठाचा केक घेऊन गेलो. ती काळोखात बसली होती. म्हणाली, "परवा मला साखरेवरून किती बोलली. मी उत्तर पण दिलं नाही, म्हटलं, उद्या देईन." मग तिनं तोंड पुसलं. "सेउ अमारो, माझ्याबरोबर किनाऱ्यावर येशील? टॉवेल धरायला कुणी नाही."

मी गेलो. वारा होता, पाणी सुरीसारखं. ती आत गेली, लांबवर गेली, आणि मी वाळूवर उभा राहून तिचं डोकं नजरेत धरून ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिचे दात वाजत होते. मी टॉवेल गुंडाळला. केस पुसायला गेलो, पण मला ते नीट जमेना, आणि ती म्हणाली, "राहू दे, वाळतील." मग आम्ही कोपऱ्यावर गरम तळलेल्या करंज्या खाल्ल्या, चीझच्या, आणि हळूहळू चालत घरी आलो.